होय, गाण्याचा पंचनामा

"तुम्ही गाणं ऐकत नाही, गाण्याचा पंचनामा करता." नाशिकमधल्या एका घरगुती श्रवणसत्रात, चहाचे कप गोळा होत असताना, एका ज्येष्ठ संग्राहकांनी मला हे सुनावलं आणि बैठक खळखळून हसली. मीही हसलो. वाक्य होतंच तसं नेमकं. पण घरी येऊन कुलूप उघडेपर्यंत माझं हसू ओसरलं होतं. टोमणा एकट्या माझ्यासाठी असता तर सोडून दिला असता. त्यामागचा समज मात्र आपल्या बहुतेक बैठकांत मुरलेला आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

घडलं होतं ते एवढंच. त्यांनी लॅपटॉपवरून एक नाट्यपद ऐकवलं. आवाज घासलेला, सुईची खरखर, मागे ऑर्गन. आधी गायकाचं मोठं नाव घेतलं, मग सांगितलं, "1912 चं ध्वनिमुद्रण आहे. अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे सापडणार नाही." मी विचारलं, "प्लेटचा नंबर काय?" त्यावर एकामागोमाग चार उत्तरं आली. चाळीस वर्षं ऐकतोय, आवाज ओळखता येत नाही का मला? मला अमुक बुवांनी समोर बसून सांगितलंय. प्लेट माझ्या घरी आहे, आणखी काय पुरावा हवा? आणि शेवटी, 1912 असो की 1922, सुरात काय फरक पडतो? मग पंचनाम्याचं ते वाक्य.

त्यांचं नाव इथे घेत नाही. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांनी जपलेल्या तबकड्या नसत्या तर आमच्यापैकी निम्म्यांचे कान तयारच झाले नसते. शिवाय ही चार उत्तरं त्यांची एकट्याची नाहीत. नाशिक, पुणे, कोल्हापूर, दादर, कुठेही जा, हीच ऐकू येतात.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात निरागस वाटतो. फरक काय पडतो?

हिंदुस्थानातली पहिली रेकॉर्ड कुणाची, असं कुठल्याही बैठकीत विचारा. उत्तर ठरलेलं आहे: गौहरजान, 1902, आणि गाणं संपताना तिनं इंग्रजीत सांगितलेलं स्वतःचं नाव. पुष्कळदा 2 नोव्हेंबर अशी तारीखही ठोकून दिली जाते. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग त्या हिवाळ्यात कलकत्त्याला आला होता, हे खरं. पण कंपनीच्या नोंदी आणि तबकड्यांवरचे क्रमांक ओळीनं लावून मायकेल किनियर यांनी जी सूची तयार केली आणि 1994 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं जी छापली, तिच्यात हिशेब वेगळा निघतो. पहिलं मुद्रण 8 नोव्हेंबरचं आणि ते शशिमुखी आणि फणिबाला यांचं. कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरात नाचणाऱ्या-गाणाऱ्या या दोन मुली, वयं चौदा आणि सोळा. गौहरजान आली ती 11 तारखेला.

तीन दिवसांचा तर प्रश्न! गौहरजानचं यात काहीच कमी होत नाही. ती त्या काळातली सम्राज्ञीच होती, पहिली नसली तरी राहील. कमी होतं ते त्या दोन पोरींचं. गायसबर्गनं त्यांच्या आवाजाबद्दल बरं लिहिलेलं नाही. नंतरच्या काळानं त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाही. त्यांच्या नावावर या जगात जमा आहे ती एकच गोष्ट, ती आठ तारीख. तीही आपण "काय फरक पडतो" म्हणत उचलून एका श्रीमंत नावाच्या ताटात वाढायची? पंचनामा असतो तो अशांसाठीच. जो स्वतः उठून बोलू शकत नाही, त्याच्या वतीनं जागेवर काय सापडलं ते चार माणसांसमोर लिहून ठेवायचं.

बरं, "पहिली" म्हणजे तरी काय? भारतात मुद्रित झालेली पहिली म्हणाल तर 8 नोव्हेंबर 1902. भारतीय भाषा तबकडीवर पहिल्यांदा चढली कधी, असं विचाराल तर कलकत्ता सोडून लंडनला जावं लागेल. तिथे 1899 मध्येच कॅप्टन भोलानाथ, डॉ. हरनामदास आणि अहमद या तिघांचे आवाज कंपनीनं मुद्रित केले होते. मेणाच्या नळकांड्यांचा हिशेब आणखी निराळा. तेव्हा "पहिली" हा शब्द उच्चारणाऱ्यानं कुठे, कशावर आणि कुणाच्या वहीनुसार हे तिन्ही सांगायला हवं. नाहीतर तो फक्त वजन वाढवण्यासाठी जोडलेला शब्द.

आता कान. चाळीस वर्षांच्या कानाचा मला आदर आहे, पण कानालाही फसवणारी यंत्रं असतात आणि ग्रामोफोन त्यातलं एक.

माझ्या खोलीत कागदाची एक चकती आहे, तिच्या कडेनं 77 काळ्या रेघा. फिरत्या तबकडीवर ती ठेवायची आणि वर ट्यूबलाइट लावायची. आपली वीज 50 सायकलची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की समजायचं, तबकडी मिनिटाला 77.92 फेरे घेते आहे. रेघा पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी. घरातले सगळे दिवे आता एलईडी झाले. ही एक ट्यूब मात्र मी काढू दिलेली नाही, कारण बऱ्याचशा एलईडीखाली त्या रेघा बोलतच नाहीत.

पण 78 हा आकडा तरी सर्वत्र लागू होता का? 1925 च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं आणि वेग हळूहळू एका जागी स्थिरावला. त्याआधीच्या तबकड्यांचा वेग सत्तरीपासून ऐंशीपलीकडेपर्यंत भटकतो. 74 ला मुद्रित झालेली प्लेट 78 ला वाजवली की सूर जवळजवळ एका पट्टीनं चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गायला लागतो, लय वाढते, ताना अंगावर धावून येतात, आवाज कोवळा होतो. मग आपण माना डोलावतो, "काय हो ते लोक, केवढ्या वरच्या पट्टीत गायचे!" ते गात नव्हते. आपलं यंत्र गात होतं.

आता यात बालगंधर्वांच्या पिढीचा विचार करा. एका गायकाची ढब महाराष्ट्रभर शेकडो गळ्यांनी उचललेली, मूळ प्लेट घासलेली, वेग अज्ञात, त्यात ती कुणीतरी कॅसेटवर घेतलेली, कॅसेटवरून संगणकात आणि तिथून तुमच्या लॅपटॉपवर. या चार मुक्कामांनंतर "आवाज ओळखला" असं कानानं म्हणावं आणि आम्ही ते शपथपत्र समजावं? कानानं अंदाज जरूर बांधावा. बहुतेक शोध तसेच सुरू होतात. पण सुरुवातीलाच मुक्काम म्हणू नये.

दुसरं उत्तर सगळ्यात नाजूक आहे: बुवांनी सांगितलंय. इथे पुरावा मागितला की माणूस उद्धट ठरतो. "आपली विद्या गुरुमुखातून आलेली, तुम्ही कागद काय मागता?"

नाशिककराला स्मरणाच्या पुराव्याचं वेगळं उदाहरण द्यायला नको. गोदावरीला पूर आला की दरवेळी गोदाघाटावर दोन गट पडतात. जुन्या पुरात पाणी कुठवर होतं, यावर प्रत्येक म्हाताऱ्याचं मत ठाम असतं आणि दर श्रावणात ते हातभर वर चढतं. भांडण मिटतं ते दुतोंड्या मारुतीपाशी. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढं बघायचं. मारुती जागचा हलत नाही म्हणून तर आपण त्याला मानतो. म्हाताऱ्यांवर आपला विश्वास नसतो असं नाही. पण त्यांच्या आठवणीला टेकायला दगड लागतो.

संगीतातलं अगदी घरचं उदाहरण घ्या. 'एकच प्याला'तलं पद लावलं की निवेदक हमखास म्हणतो, "गडकऱ्यांचं हे अजरामर पद." गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. त्यातली पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. चालींमध्ये पुण्याच्या सुंदराबाईंचा मोठा वाटा. ही काही गुप्त माहिती नाही, नाट्यसंगीताच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात मिळते. तरी बैठकीत गडकरीच चालतात, कारण प्लेटच्या लेबलवर नाटकाचं आणि गायकाचं नाव असे, पदकर्ता आणि चाल देणारे यांना तिथे बहुधा जागाच नसे. लेबलवर नाही म्हणून लोकांच्या तोंडी नाही, लोकांच्या तोंडी नाही म्हणून परंपरेत नाही. एका लेखकाची पदं आणि एका बाईच्या चाली अशा दिवसाढवळ्या हरवतात आणि आपण त्याला मौखिक परंपरा म्हणतो.

आणि परंपरेचीच साक्ष काढायची तर आपल्याच पंचवटीकडे बघा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथे रामनाम आधार आश्रम मांडला. त्यांच्याइतका गुरुमुखाचा अधिकार कुणाला असेल? त्याच माणसानं 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली. गुरूवरचा विश्वास कमी होता म्हणून त्यांनी हे केलं का? गुरू गेला की चीज बिघडते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे चिरंजीव बापूराव, म्हणजे दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, 1921 मध्ये नाशिकलाच जन्मले आणि 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. आज त्यांचं जे ऐकायला मिळतं ते थोड्या तबकड्या आणि आकाशवाणीच्या फिती एवढंच. 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर ते गायले म्हणून निदान सिनेमावाल्यांना तरी नाव ठाऊक. एवढ्याशा शिदोरीत कुणी प्रेमापोटी एखादं उपरं ध्वनिमुद्रण ढकललं, तर ती भर नसते, भेसळ असते. नाशिकच्या माणसानं तरी याला "काय फरक पडतो" म्हणू नये.

स्मरणातून आकडे कसे फुगतात, हेही सांगतो. 1974 मध्ये गिनेस बुकानं लता मंगेशकरांच्या नावे 1948 ते 1974 या काळातली 25 हजार गाणी नोंदवली. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली, पुढे त्यांच्या नावावर 28 हजारांचा दावा छापून आला. दोन्ही बाजूंचे भक्त वर्षानुवर्षं भांडले. भागाकार कुणी केला? 25 हजार भागिले 26 वर्षं, म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून अधिक, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज अडीच गाणी. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचायला घेतला, एकेका चित्रपटाखाली एकेक गाणं नोंदवलं. आपल्याकडे विश्वास नेरूरकरांसारख्यांनी लताबाईंची गाणी मोजली. हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच हजारांच्या आसपास येऊन थांबला. रफींचाही त्याच घरातला, थोडा कमी. 1991 मध्ये गिनेसनं दोघांच्याही नोंदी काढून टाकल्या.

तेव्हाही मोजणाऱ्यांना विचारलं गेलं, "बाईंचा अपमान करायचाय का?" पाच हजार गाणी म्हणजे अपमान? उलट पंचवीस हजारांच्या धुरळ्यात एकही गाणं दिसत नव्हतं. पाच हजारांच्या यादीत प्रत्येक गाण्याला चित्रपट आहे, संगीतकार आहे, साल आहे. माणसावर प्रेम असेल तर त्याचं काम मोजून घ्यावं. न मोजता घेतात ती खिरापत.

तिसरं उत्तर: प्लेट माझ्याकडे आहे. हे ऐकलं की मला सावकाराची तिजोरी आठवते. वस्तू जवळ असणं हा मालकीचा पुरावा झाला, दाव्याचा नव्हे. दावा खरा ठरतो तो वस्तू दुसऱ्याला तपासू दिल्यावर. बरं, मागितलं काय होतं? प्लेट उसनी द्या असं कुणी म्हटलं नव्हतं. लेबलच्या कडेला लाखेत कोरलेला क्रमांक वाचून दाखवा, फोनवर एक फोटो काढा, एवढंच. तो क्रमांक सांगितला म्हणून प्लेटची किंमत उतरत नाही. उतरते ती मिरवण्याची किंमत.

संग्राहकांनी एकत्र येऊन किती काम करता येतं हे याच राज्यात दिसलं आहे. 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. किनियर, नारायण मुलाणी, सुरेश चांदवणकर ही मंडळी त्यात होती. 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक निघालं, त्यात कलावंतवार याद्या छापल्या गेल्या. छापील यादी म्हणजे उघडं आव्हानच: चूक असेल तर दाखवा. अशा याद्यांत चुका निघतात, निघणारच. पण त्या निघतात हेच अशा यादीचं मोठेपण. "माझ्याकडे आहे" या वाक्यात चूक काढायला जागाच नसते, म्हणून ते वाक्य कधी सुधारतही नाही.

इथवर मी फार सोवळा झालो. आता माझंही पाप सांगतो, नाहीतर पंचनामा एकतर्फी होईल. काही वर्षांपूर्वी अशाच बैठकीत मी एका गायिकेची प्लेट लावली आणि लेबलचा रंग, कुत्र्याचं चित्र, छपाईची धाटणी यांवरून ती कोणत्या दशकातली आहे हे ऐटीत सांगितलं. मागे बसलेल्या, इंजिनियरिंग शिकणाऱ्या एका मुलानं हात वर केला. म्हणाला, "काका, लेबल नंतरचं असू शकेल ना? लाखेतला नंबर बघू?" बघितला. ध्वनिमुद्रण मी सांगितलं त्याच्या कितीतरी आधीचं. मागणी आली की कंपनी जुन्याच साच्यातून नव्या लेबलानं प्लेटा काढत असे, हे मला ठाऊक होतं. तरी मी लेबलावर भाळलो. त्या संध्याकाळी माझे कान चांगलेच गरम झाले. पण त्या पोरानं गायिकेला तिची हरवलेली वर्षं परत दिली होती.

लेबल म्हणजे कंपनीनं केलेलं एक विधान, त्याहून जास्त काही नाही. 1949 च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या प्लेटवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लेबलालाच अखेरचा पुरावा मानलं असतं तर आज आपण कामिनीबाईंचा शोध घेत बसलो असतो. साठच्या दशकात मराठी चित्रपटांना 'आनंदघन' या नावानं संगीत देणारंही कुणी निराळं नव्हतं, त्याही लताबाईच. तेव्हा लेबल वाचा, मग लाखेतला क्रमांक वाचा, मग कंपनीची यादी आणि त्या काळची जाहिरात बघा, मग कानाला विचारा. चौघं एकच बोलले तर साल सांगा. दोघांचं जमेना तर "सुमारे" म्हणा. "सुमारे" म्हटल्यानं कुणाची इज्जत गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

क्रमांकाचं एवढं माहात्म्य मला एका पुरानं शिकवलं. 2008 च्या सप्टेंबरात गोदावरी सराफ बाजारात शिरली, तेव्हा तिथल्या एका वाड्यात तळमजल्यावरच्या ट्रंकेत साठ-सत्तर प्लेटा होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या ओसरीत मांडल्या. काहींच्या आत कागदाचा थर असतो, त्या फुगून पापडासारख्या सुटल्या होत्या. निखळ लाखेच्या तशाच राहिल्या, पण गाळाबरोबर लेबलं धुऊन गेली होती. वाड्यातल्या आजी एकेक हातात घेऊन म्हणत, "ही कुणाची रे?" मधोमध नुसतं भोक आणि भोवती उघडी, बोडकी लाख. पण ओल्या फडक्यानं गाळ पुसून प्लेट उन्हाकडे तिरपी धरली की कडेला बारीक आकडे चमकत. आम्ही ते वहीत उतरवून घेतले. पुढच्या काही महिन्यांत याद्यांशी पडताळत निम्म्याहून अधिक प्लेटांना नावं परत मिळाली. उरलेल्या अजून अनामिक आहेत. त्यांना आम्ही अंदाजानं कुणाची नावं दिली नाहीत.

म्हणून माझ्या ज्येष्ठ मित्रांना सांगणं आहे: होय, पंचनामाच. तुम्ही ऐकवलेलं पद सुंदर होतं. ते खरोखर 1912 चं आणि त्याच गायकाचं निघालं तर सगळ्यात आधी टाळी माझी पडेल, आणि तुमचं नाव त्या नोंदीखाली मी स्वतः लिहीन. नाही निघालं, तर कुणी एक दुसरा गायक इतकी वर्षं परक्या नावाखाली गात होता असं ठरेल, आणि त्याला उजेडात आणल्याचं श्रेयही तुमचंच.

पुढची बैठक माझ्याकडे ठेवू. लॅपटॉप नको, प्लेट घेऊन या. चहा मी टाकतो, आणि ती ट्यूब अजून लागते.